गोल चुकला की जात का काढता?

काही दिवसांपूर्वी आमच्या वस्तीतले एक गृहस्थ माझ्याकडे आले. एस. टी.च्या वर्कशॉपमध्ये नोकरीला आहेत. त्यांची पंधरा वर्षांची मुलगी शाळेच्या संघातून हॉकी खेळते, आघाडीच्या फळीत. म्हणाले, "वकीलसाहेब, तिचे सर सांगतात, पोरीत गोल करायची ताकद आहे, पण आत्मविश्वास नाही. गोलसमोर गेली की मारतच नाही, बाजूच्या मुलीला पास देऊन मोकळी होते. तुम्ही जरा समजावा तिला. समाजाचं नाव काढायचंय तिनं."

मी मुलीला विचारले. आधी ती गप्प राहिली. मग म्हणाली, "काका, पास चुकला तर कोणी काही म्हणत नाही. गोल चुकला की लाइनीवरनं जात काढतात. सवलतीवाली आली म्हणतात. मग मी मारतच नाही."

वीस वर्षे कोर्टात जबाब ऐकतो आहे, पण इतक्या थोड्या शब्दांत दुखण्याचे मूळ सांगणारा जबाब क्वचितच ऐकला. सर म्हणतात, दोष मुलीच्या मनात आहे. मुलगी सांगते, दोष मैदानाच्या रेषेबाहेर उभा आहे. कोणाचे खरे मानायचे?

आधी खेळ समजून घेऊ. हॉकीत गोल करायचा तर गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, ज्याला खेळाडू 'डी' म्हणतात तिथे, चेंडूला आपली स्टिक लागावी लागते. तिथे बचाव करणाऱ्यांची गर्दी असते, समोर गोलरक्षक असतो आणि विचार करायला वेळ नसतो. पुष्कळदा लांबून जोरात आलेल्या चेंडूला नुसती स्टिक लावून दिशा द्यायची असते. बहुतेक वेळा तो चेंडू निसटतो किंवा खांबाबाहेर जातो. म्हणून आघाडीची खेळाडू चुका करत करतच घडते. जिच्या मनात चुकण्याची धास्ती बसली ती क्षणभर थबकते आणि तेवढ्यात गोलरक्षक पुढे आलेला असतो. प्रशिक्षक यालाच आत्मविश्वासाचा अभाव म्हणतात. पण ही धास्ती कोणी बसवली, हे कोणी विचारत नाही.

हा प्रश्न नीट समजायचा असेल तर वंदना कटारियाची वाटचाल पाहावी. हरिद्वारजवळच्या रोशनाबाद गावातील दलित कुटुंबातली ही मुलगी. मुलीच्या जातीने मैदानावर काय करायचे, असे म्हणणारे शेजारीपाजारी तिच्याही वाट्याला आले. वडील भेलच्या कारखान्यात कामाला होते, ते तिच्या पाठीशी उभे राहिले. लखनौच्या क्रीडा वसतिगृहात तिचा खेळ घडला. २००९ साली ती भारताच्या वरिष्ठ संघात आली. २०१३ साली जर्मनीतील मोन्शेनग्लाडबाख येथे झालेल्या ज्युनिअर विश्वचषकात भारतीय मुलींनी ब्राँझपदक जिंकले, त्यात भारतातर्फे सर्वाधिक ५ गोल वंदनाचे होते.

इथपर्यंतची गोष्ट ऐकायला सोपी वाटते. पुढचे पाहा. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये भारतीय महिला संघ ५ सामन्यांत एकही विजय मिळवू शकला नाही आणि १२ संघांत शेवटचा आला. त्या स्पर्धेत वंदनाच्या नावावर एकही गोल लागला नाही. त्या दिवशी कोणी म्हणाले असते की हिच्यात दम नाही, तर आकडे त्याच्याच बाजूने होते. पण ती खेळत राहिली. ३० मे २०२१ रोजी तिचे वडील गेले. ती बंगळूरच्या शिबिरात होती. कोरोनाच्या निर्बंधांमुळे तिला त्यांचे अंत्यदर्शनही घेता आले नाही. दोन महिन्यांनी, ३१ जुलै रोजी टोकियोत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिने चौथ्या, सतराव्या आणि एकोणपन्नासाव्या मिनिटाला गोल केले. भारत ४-३ ने जिंकला. ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. तो सामना गेला असता तर संघ उपांत्यपूर्व फेरीत पोहोचलाच नसता.

आणि त्यानंतर काय झाले? ४ ऑगस्ट रोजी उपांत्य सामन्यात भारत अर्जेंटिनाकडून १-२ ने हरला. त्याच दिवशी रोशनाबादला वंदनाच्या घरासमोर फटाके वाजवले गेले, जातीवरून शिवीगाळ झाली, संघात दलित खेळाडू जास्त झाले म्हणून संघ हरला, असे ओरडून सांगण्यात आले, अशी फिर्याद तिच्या कुटुंबीयांनी पोलिसांत दिली. गुन्हा नोंदवला गेला, अटकही झाली. हॅट्ट्रिक आणि ही शिवीगाळ यांच्यामध्ये अवघे चार दिवस गेले होते! देशाच्या पराभवावर फटाके वाजवणाऱ्यांना मात्र कोणी देशद्रोही म्हटले नाही.

आमच्यातले काही सुशिक्षित लोक मुलांना सांगतात, कर्तबगारी दाखवा, मग जात कोणी विचारणार नाही. रोशनाबादचा दाखला त्यांनी पुन्हा पुन्हा वाचावा. तो पुरेसा वाटत नसेल तर त्याआधीचा, आपल्याच मातीतला दाखला पाहावा. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. पण पुण्याच्या क्लबात त्यांचा चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात, बाहेर दिला जाई. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना शेवटपर्यंत नाकारले गेले. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ साली मिळाले, तेही झगडून. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले, हा वेगळा विषय आहे. पण मैदानावर त्यांच्यावर झालेला अन्याय त्यामुळे खोटा ठरत नाही. कर्तबगारीने जात विसरली जात असती, तर बाळूंच्या काळातच विसरली गेली असती.

मग वंदनाने काय केले? ६ ऑगस्टला, म्हणजे शिवीगाळीनंतर दोनच दिवसांनी, ब्राँझपदकाच्या सामन्यात ग्रेट ब्रिटनविरुद्ध ती पुन्हा उतरली आणि तिने गोल केला. संघ ३-४ ने हरला, पण ती थबकली नाही. २०२१ साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, २०२२ साली पद्मश्री. १ एप्रिल २०२५ रोजी तिने आंतरराष्ट्रीय हॉकीतून निवृत्ती घेतली तेव्हा तिच्या नावावर ३२० सामने आणि १५८ गोल होते. भारताकडून एवढे सामने दुसरी कोणतीही महिला खेळलेली नव्हती.

आता वकिली पद्धतीने हा हिशेब तपासू. प्रत्येक गोल वेगळ्या सामन्यात झाला असे धरले, तरी किमान १६२ सामन्यांत तिने एकही गोल केलेला नाही. म्हणजे देशातली ही इतकी मोठी गोल करणारी खेळाडू अर्ध्याहून अधिक सामन्यांत रिकाम्या हाताने परतली. तरीही तिला पुढच्या सामन्यात उतरवले गेले आणि तिनेही पुढचा चेंडू गोलवरच मारला. आत्मविश्वास म्हणतात तो हाच. आज चुकले तरी उद्या मला जागा आहे, ही ती खात्री असते. वरच्या जातीच्या मुलाला ही खात्री जन्मतः मिळते. तो चुकला तर तो एकटा चुकतो. आमची मुलगी चुकली की तिची जात चुकते, आरक्षण चुकते, संविधान चुकते!

पण इथे आपल्या पदरातलीही चूक कबूल केली पाहिजे. "समाजाचं नाव काढ" असे आपण सर्वजण म्हणतो. त्या गृहस्थांनी म्हटले, मीही विहारातल्या सत्कारात अनेक मुलींना म्हटले आहे. हेतू चांगला असतो. पण पंधरा वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर आपण सगळ्या समाजाची इभ्रत ठेवतो आणि वर तिला मोकळेपणाने खेळ म्हणतो. विरोधक तिच्या चुकीला जात चिकटवतात, आपण तिच्या गोलला जात चिकटवतो. दोन्हीकडून ओझे तिच्यावरच. बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत स्त्रियांच्या प्रगतीवरून समाजाची प्रगती मोजली. ती प्रगती घडवण्याचे सगळे काम लेकींनीच करायचे, असे ते म्हणाले नव्हते.

मग आपले काम कोणते? पहिले काम कायद्याचे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१)(आर) आणि ३(१)(एस) प्रमाणे सार्वजनिक दृष्टीस पडेल अशा ठिकाणी जातीवरून हेतुपुरस्सर अपमान करणे, जातीच्या नावाने शिवीगाळ करणे हा गुन्हा आहे. २०२० साली उत्तराखंडातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चार भिंतींच्या आतला, लोकांसमोर न घडलेला प्रसंग या कलमातून वगळला. पण खेळाचे मैदान काही चार भिंतींच्या आत नसते. तिथे दोन संघ असतात, पंच असतात, पालक असतात. साक्षीदारांची वाण नाही, फक्त ते बोलले पाहिजेत. म्हणून प्रसंग घडला की तारीख, वेळ, नेमके शब्द आणि ऐकणाऱ्यांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवा. शाळेला आणि संघटनेला लेखी तक्रार द्या, पोच घ्या. सरकारी खर्चाने राखलेल्या सार्वजनिक जागा सर्वांना खुल्या आहेत, हे संविधानाचे कलम १५(२) सांगते. चवदार तळे जसे सार्वजनिक होते, तसेच हे मैदानही आहे.

दुसरे काम खर्चाचे. चांगली स्टिक, बूट, नडगीचे पॅड, प्रवास हे सारे एका पगारात बसत नाही. जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग वस्तीतल्या खेळाडूंसाठी बाजूला काढला, तर डी.जे.चा आवाज थोडा कमी होईल, एवढेच.

तिसरे काम सर्वांत सोपे, पण आपण तेच करत नाही. सामना असेल तेव्हा जाऊन रेषेवर उभे राहायचे. आज तिथे जात काढणारेच उभे असतात, कारण आपण निकाल लागल्यावर हार घेऊन जातो.

मी त्या मुलीला आत्मविश्वासावर भाषण दिले नाही. एवढेच सांगितले, की बाळ, दहा वेळा गोलवर मार आणि दहाही वेळा चुकव, घरी कोणी काही बोलणार नाही. तिच्या वडिलांकडून तसा शब्द घेतला. येत्या रविवारी सकाळी तिचा सामना आहे. आम्ही सात-आठ कार्यकर्ते जाणार आहोत. आपापल्या वस्तीतल्या मुलींच्या सामन्यांना आपणही जावे, ही विनंती.