पिशवीवरचा टॅग आणि बाईंची पदवी

वाचकहो, या सदरात आजवर बोंडअळी, ठिबक, माती परीक्षण असलेच विषय आले. आजचा विषय जरा वेगळा आहे. पण तोही माझ्याकडे शेतातूनच चालत आला.

कपाशीची दुसरी वेचणी आटोपली होती. शिंदखेडा तालुक्यातले माझे एक जुने ओळखीचे शेतकरी कार्यालयात आले. सारा गाव त्यांना नाना म्हणतो, मीही नानाच म्हणतो. मला वाटले, कपाशीवर लाल्या पडला असेल आणि पाने दाखवायला आले असतील. पण त्यांनी पिशवीतून काढले ते गुळगुळीत कागदावरचे रंगीत माहितीपत्रक. माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "साहेब, आते तुम्हीच सांगा."

नानांची मुलगी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली आहे. घरी शिकवण्या घेते आणि चांगले शिकवते. तिच्या मनात आखाती देशातल्या शाळेत शिकवायला जायचे आहे. शहरातल्या एका संस्थेने तिला सांगितले की, सहा महिन्यांची 'आंतरराष्ट्रीय शिक्षक पदविका' घरबसल्या मोबाईलवर करा, मग दुबई म्हणा, लंडन म्हणा, सारे दरवाजे उघडे. फी एक लाख ऐंशी हजार. नाना दोन एकर गहाण टाकण्याच्या बेतात होते. कोरडवाहू आठ एकरांतले ते दोन एकर विहिरीलगतचे, म्हणजे घर ज्यावर चालते तेच.

मी विचारले, "नाना, बियाण्याची पिशवी घेताना आधी काय पाहता?"

"टॅग पाहतो."

"निळा की हिरवा?"

नानांना पुढचे सांगावे लागले नाही. तरी ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. निळा टॅग प्रमाणित बियाण्याचा. त्यासाठी बीज प्रमाणीकरण यंत्रणेचा माणूस बीजोत्पादनाच्या शेतात येऊन पाहून जातो, शेजारच्या पिकापासूनचे अंतर तपासतो, बियाण्याची उगवण तपासली जाते, आणि मग टॅग लागतो. हिरवा टॅग सत्यप्रत बियाण्याचा. तेही कायदेशीर आहे, पुष्कळदा उत्तमही असते. पण त्याची हमी विकणाऱ्याचीच. तिसऱ्या कोणी शेत पाहिलेले नसते.

शिक्षकाच्या कागदांचेही असेच आहे. बी.एड. हा निळा टॅग. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता असलेले महाविद्यालय, २०१५ पासून दोन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यात वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेशी बांधलेले, पैकी सोळा आठवडे दुसऱ्या वर्षी सलग शाळेत. वर्गात मागे बसून कोणीतरी तुमचा पाठ पाहतो. मोबाईलवरची सहा महिन्यांची पदविका बहुतेक वेळा हिरव्या टॅगची. कोणी वर्ग पाहिला नाही, आणि तिकडच्या शाळेला ती चालेल असे फक्त विकणारा म्हणतो. इंग्रजी ही परकी भाषा म्हणून शिकवण्याचे काही छोटे अभ्यासक्रम आहेत. त्यांतला केंब्रिजचा 'सेल्टा' नावाजलेला आहे, कारण त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर शिकवून दाखवावे लागते. पण तो इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी. रसायनशास्त्राच्या बाईंना त्याचा उपयोग नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही की, फी भरण्याआधी देश ठरवा. आपण केळी आखातात पाठवतो तेव्हा आधी विचारतो ना, घेणाऱ्याला घड कसा हवा, किती भरलेला हवा, सोबत रोगमुक्ततेचा कोणता दाखला हवा? माल तयार झाल्यावर विचारून उपयोग नसतो. इथेही प्रश्न संस्थेला विचारायचा नाही, तिकडच्या शाळेला विचारायचा. सी.बी.एस.ई.च्या शाळा परदेशात पंचवीसहून अधिक देशांत आहेत आणि आखातात तर पुष्कळच. त्यांच्या जाहिराती वाचा. बहुतेकींत विषयाची पदवी, बी.एड. आणि दोन वर्षांचा अनुभव असेच मागितलेले असते. नानांच्या मुलीने माझ्यासमोर बसून मोबाईलवर अशा सात-आठ जाहिराती काढल्या. त्या माहितीपत्रकातल्या पदविकेचे नाव एकीतही नव्हते.

बी.एड. पत्राद्वारे केले तर? मुक्त विद्यापीठांचे बी.एड. मुख्यतः आधीच नोकरीत असलेल्या किंवा प्रशिक्षण झालेल्या शिक्षकांसाठी आहे, हे एक. दुसरे असे की, आखाती देश पदवीची बरोबरी ठरवताना शिक्षण वर्गात बसून घेतले की दूरशिक्षणाने, हे विचारतात आणि तिथे अडचण येऊ शकते. परदेश मनात असेल तर नियमित महाविद्यालय बरे. धुळे-जळगावात ते आहे, त्यासाठी पुण्याला खोली घेऊन राहण्याची गरज नाही. लहान मुलांना शिकवायचे असेल तर डी.एल.एड. पाहावे. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही, असा निकाल दिला आहे. परदेशातून परत येऊन इथे नोकरी करावी लागली, तर हे लक्षात असावे.

इंग्लंडची वाट वेगळी. तिथल्या शासनाने फेब्रुवारी २०२३ पासून भारतातल्या शिक्षकांना तिथली शिक्षक-पात्रता थेट अर्ज करून मिळवण्याची सोय केली, पण ती गणित, विज्ञान यांसारख्या मोजक्या विषयांसाठी आणि ११ ते १६ वयाच्या मुलांना शिकवणाऱ्यांसाठी. पदवी हवी, शिक्षक-प्रशिक्षण हवे, त्यानंतर किमान एक शालेय वर्ष शिकवलेले हवे, इंग्रजीचा पुरावा हवा. म्हणजे पुन्हा बी.एड. आलेच. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा परवाना निराळा. तिथे शिक्षकांना अदलाबदलीच्या जे-१ व्हिसावर घेतात, दोन वर्षांचा अनुभव मागतात आणि काही वर्षांनी परत पाठवतात. त्यात अधिक शिरत नाही.

आता अनुभवाविषयी. खेड्यापाड्यातल्या खाजगी शाळांत पगार हातात रोख देण्याची चाल आहे. मुलगी दोन वर्षे राबते, पण पुरावा काही राहत नाही. नेमणुकीचे पत्र मागून घ्या, पगार बँकेत जमा करायला सांगा, आणि शाळा सोडताना इयत्ता व विषय लिहिलेला अनुभवाचा दाखला घ्या. मागताना संकोच वाटतो हे मला ठाऊक आहे. तरी मागा.

दुसरी मेख नावाची. आपल्याकडे गुणपत्रकावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. पासपोर्टवर क्रम दुसरा. लग्न झाले की वडिलांच्या जागी नवरा आणि नवे आडनाव. तिकडचा कारकून म्हणतो, ही बाई ती नव्हेच. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललेच पाहिजे असा नियम नाही. पदवीवरचे नावच पासपोर्टवर राहू दिले तर पुष्कळ चकरा वाचतात. सासरच्यांनी यात मान-अपमान आणू नये.

मग कागदांवरचे शिक्के. आधी राज्य शासनाचा, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा. भारत २००५ पासून अपोस्टील करारात आहे. ओमान, बहारीन, सौदी अरेबिया या करारात असल्याने तिथे मंत्रालयाचा अपोस्टील शिक्का चालतो. संयुक्त अरब अमिरातीसाठी मात्र त्यांच्या दूतावासाचा शिक्काही लागतो. मूळ पदवी-प्रमाणपत्र असल्याखेरीज यातले काही होत नाही. ते दीक्षान्तानंतर वेळेवर काढून ठेवा. तात्पुरत्या प्रमाणपत्रावर बसून राहू नका.

राहिला दलाल. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्याला सरकारी नोंदणी बंधनकारक केली आहे. त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि वर जी.एस.टी. एवढेच घेता येतात, तेही पावती देऊन. नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. शाळेत शिकवायला जाणाऱ्या मुलीला 'आधी व्हिजिट व्हिसावर चला, नोकरी तिथे लावून देतो' असे कोणी म्हणाले, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

नानांना मी आणखी एक सांगितले, ते त्यांना ठाऊक नव्हते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास व इतर मागास प्रवर्गातल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी माफ झाली आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असले पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर हा लाभ नाही. म्हणून सी.ई.टी. चुकवू नये, आणि महाविद्यालयात नाव घालण्यापूर्वी तिथे या सवलतीची खात्री करून घ्यावी.

विहिरीलगतचे दोन एकर गहाण पडले नाहीत. मुलगी सध्या बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सोळा आठवड्यांसाठी एका शाळेत जाते आहे. आठवी-नववीची मुले प्रयोगशाळेत दंगा करतात, अशी तिची तक्रार आहे. नानांच्या घरून अजून दुबईला होकार नाही. आई म्हणते, आधी इथे दोन वर्षे शिकव, मग पाहू. अनुभव तेवढाच लागतो, तेव्हा माय-लेकींचे तूर्त जमले आहे.

परवा नाना पुन्हा आले होते. मुलीच्या दहावीच्या गुणपत्रकावर आडनावात एक अक्षर जास्त आहे, आधार कार्डावर ते नाही. गुणपत्रके आणि पदवी बदलत बसण्यापेक्षा आधारवरचे नाव गुणपत्रकाप्रमाणे करून घ्या, असे मी सुचवले. ते झाले की पासपोर्टचा अर्ज करायचा ठरले आहे.