त्रिकोण आणि त्यापलीकडील माणसे

आमच्या धर्मग्रामातील काही मातापित्यांनी अलीकडे एक प्रश्न आमच्यापुढे ठेवला आहे. घरातील थोरली मुले संगणकावर पाणबुडीचा खेळ खेळतात. कागद, पेन्सिल आणि कोनमापक घेऊन तासन्‌तास आकडेमोड करतात. आणि एखादे जहाज बुडाले म्हणजे टाळ्या पिटतात. यास अभ्यास म्हणावे की अवगुण? या प्रश्नास एका शब्दात उत्तर देणे आम्हांस उचित वाटत नाही. प्रथम ही आकडेमोड काय आहे ते पाहू. मग ती मुलाला कोठे नेते याचा विचार करू.

१९९६ साली निघालेला ‘सायलेंट हंटर’ हा खेळ व त्याच्या पुढील आवृत्त्या दुसऱ्या महायुद्धातील पाणबुड्यांवर बेतलेल्या आहेत. पाणबुडीतून सुटलेला पाणतीर सरळ रेषेत धावतो. लक्ष्य मात्र जागेवर थांबत नाही. मैदानात धावणाऱ्या गड्याकडे चेंडू फेकावयाचा असला म्हणजे तो आत्ता आहे तेथे आपण फेकत नाही. क्षणभराने तो जेथे पोहोचेल तेथे फेकतो. पाणतिराचे सारे गणित एवढेच आहे. मात्र त्यासाठी तीन गोष्टी कळाव्या लागतात: जहाजाचे अंतर, त्याचा वेग आणि त्याची दिशा.

अंतर काढण्याची रीत सोपी आहे. डोलकाठीची उंची ठाऊक असली, तर ती किती अंशांची दिसते हे पेरिस्कोपमधून मोजावे. उंचीला ५७ने गुणून त्या अंशांनी भागावे. ३० मीटर उंचीची डोलकाठी १ अंशाची दिसत असेल, तर जहाज सुमारे १७०० मीटरांवर आहे. आमच्या मुलांनी हा नियम शेताच्या बांधावरील ताडाच्या झाडावर अवश्य पडताळून पाहावा.

वेगासाठी घड्याळ हवे. पाणबुडी जवळजवळ स्थिर असताना १०० मीटर लांबीच्या जहाजास पेरिस्कोपमधील उभी रेषा ओलांडावयास २० सेकंद लागले, तर त्याचा वेग सेकंदाला ५ मीटर, म्हणजे सुमारे १० नॉट होय. दिशेचा अदमास मात्र डोळ्यांनीच घ्यावा लागतो. जहाजाची नाळ आपल्या दृष्टीच्या रेषेशी किती अंशांचा कोन करते हे ओळखणे, हेच यातील सर्वांत कठीण काम.

आता कागदावर त्रिकोण काढावा. एक कोपरा पाणबुडीचा, दुसरा जहाजाचा आणि तिसरा जेथे दोहोंची गाठ पडावयाची त्या जागेचा. जहाजाच्या वेगास पाणतिराच्या वेगाने भागावे व नाळेच्या कोनाच्या साइनने गुणावे. येणारी संख्या ज्या कोनाची साइन असेल, तेवढे अंश पुढे नेम धरावा. जहाज १० नॉटांनी अगदी आडवे जात असेल आणि पाणतीर ३० नॉटांचा असेल, तर भागाकार एकतृतीयांश येतो व कोन सुमारे साडेएकोणीस अंशांचा निघतो. या हिशेबात अंतर कोठेच येत नाही, याचे मुलांना मोठे नवल वाटते.

परंतु अंतर आपला सूड अन्य मार्गाने घेते. समजा, वेग १० नॉट धरला आणि जहाज वास्तविक १२ नॉटांनी जात होते. लक्ष्य ५०० मीटरांवर असेल, तर पाणतीर मध्यभागापासून सुमारे ३५ मीटर मागे लागेल. १०० मीटरांच्या जहाजावर तो लागलाच म्हणावयाचा. तेच जहाज १००० मीटरांवर असेल, तर चूक दुप्पट होऊन सुमारे ७० मीटरांची होते आणि पाणतीर जहाजाच्या मागून रिकाम्या पाण्यातून निघून जातो. गुणाकार बिनचूक होता; मोजणी खोटी होती. अमेरिकन पाणबुड्यांत महायुद्धाच्या वेळी हा हिशेब दातेरी चाकांचे एक यंत्र करीत असे. पण त्या यंत्रासही माणसाने आत घातलेली चूक सुधारता येत नसे. जो मुलगा हे एकदा समजला, तो दुकानाच्या वहीत किंवा शेताच्या मोजणीत अंदाजाने आकडे भरावयास कचरेल. एवढ्यापुरता हा खेळ उत्तम शाळामास्तर आहे, असे आम्ही निःशंकपणे म्हणतो.

आता दुसरी बाजू. ती सांगावयास दूरच्या अटलांटिक महासागरात जाण्याचे कारण नाही. २६ जानेवारी २०२० पासून आमचे सिल्वासा आणि समुद्राकाठचे दीव एकाच केंद्रशासित प्रदेशात आहेत. आणि त्याच दीवच्या समुद्रात ९ डिसेंबर १९७१ रोजी, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या दुसऱ्या रात्री, हे गणित खरोखर मांडले गेले. ‘हंगोर’ ही पाकिस्तानी पाणबुडी पाण्याखाली दबा धरून होती. आपल्या नौदलाच्या ‘खुकरी’ आणि ‘कृपाण’ या युद्धनौका तिच्या शोधात होत्या. हंगोरचे पाणतीर आवाजाचा माग घेणारे होते; तरीही लक्ष्य कोठे आहे व कसे चालले आहे, याचा अदमास सोडण्यापूर्वी घ्यावाच लागे. कृपाणवर सोडलेला पाणतीर फुटला नाही. पुढचा खुकरीस लागला. अवघ्या काही मिनिटांत ती नौका समुद्रात गेली. तिच्याबरोबर १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी इतरांस बाहेर काढले, आपले जीवरक्षक जाकीट दुसऱ्याला दिले, आणि स्वतः नौकेवरच राहिले, असे वाचलेल्या नौसैनिकांनी सांगितले आहे. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. दीव येथे खुकरीचे स्मारक आहे. सहलीला जाणाऱ्या कुटुंबांनी तेथे मुलांना अवश्य न्यावे.

खेळात जहाज बुडाले म्हणजे पडद्यावर त्याचे टन लिहून येतात. खुकरीचे वजन सुमारे १२०० टन होते; खेळाच्या यादीत ते लहानसेच भक्ष्य ठरले असते. दीवच्या स्मारकापुढे उभे राहणारा मात्र टन मोजत नाही. तो १९४ माणसे मोजतो. या दोन वह्यांतील अंतर मुलास दाखवून देणे हे आईबापांचे काम आहे. त्रिकोणाला माणूस दिसत नाही, हा त्रिकोणाचा दोष नव्हे. पण त्रिकोण काढणाऱ्यास तो दिसला पाहिजे.

आमचे म्हणणे कोणी शस्त्रधारी सेवेची निंदा समजू नये. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने, देशाच्या सुरक्षेसाठी सैन्यात योग्य रीतीने सेवा करणारे शांतीला हातभारच लावतात, असे सांगितले. आणि त्याच दस्तऐवजात शहरेच्या शहरे बेछूट उद्ध्वस्त करणाऱ्या युद्धाचा कडक निषेधही केला. खुकरीचे नौसैनिक कर्तव्य करीत होते. हंगोरवरील माणसेही त्यांच्या देशाच्या आज्ञेत होती. पुढे काही दिवस आपल्या नौदलाने पाठलाग केला तेव्हा त्याही पाणबुडीतील माणसांच्या घरी कोणीतरी वाट पाहतच असेल. वैऱ्यासाठीही प्रार्थना करा असे ज्या प्रभूने शिकविले, त्याच्या लेकरांस बुडत्या जहाजाकडे पाहून टाळी पिटणे शोभत नाही. ते जहाज चित्रातले असले तरीही.

मग करावे काय? संगणक हिसकावून घेण्याने काही साधत नाही. आम्ही दोन गोष्टी सुचवितो. पहिली ही, की मुलाच्या वहीत टनांच्या रकान्याशेजारी माणसांचा एक रकाना आखून द्यावा. दुसरी ही, की त्याला हेच गणित उलटे घालावे. मासेमारांची एक होडी इंजिन बंद पडून २ नॉटांनी आडवी वाहत चालली आहे. १० सागरी मैलांवरून २० नॉटांची नौका तिच्या मदतीस निघते. तिने नेम कोठे धरावा? भागाकार एकदशांश, कोन पावणेसहा अंशांच्या आसपास, आणि वेळ सुमारे अर्धा तास. त्रिकोण तोच, साइन तीच. मात्र तिसऱ्या कोपऱ्यावर मरणाऐवजी सुटका उभी आहे. मुलगा हे उदाहरण स्वतः सोडवील, तेव्हा विद्या कशासाठी वापरावी हे त्याला निराळे सांगावे लागणार नाही.

आमचे सिल्वाशाचे ख्रिस्तमंदिर पिएदाद मातेच्या नावे आहे. आपल्या मृत पुत्रास मांडीवर घेतलेली ती माता. समुद्रात गेलेल्यांच्या कित्येक मातांना तेवढेही लाभले नाही. येत्या ९ डिसेंबरला सायंकाळच्या जपमाळेत एक दशक त्या १९४ जणांसाठी आणि दोन्ही किनाऱ्यांवरील त्यांच्यासारख्या सर्वांसाठी म्हणावे, आणि ते दशक घरातील त्या गणिती मुलानेच पुढे होऊन म्हणावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.