मुले पाण्यात, पालक फाटकाबाहेर

उन्हाळ्याची सुट्टी लागली की बेळगाव, खानापूर, निपाणीच्या आईबापांना मुलांस पोहावयास घालण्याचे सुचते, आणि ते योग्यच आहे. पूर्वी हे शिक्षण विहिरीवर, पाठीस वाळका भोपळा बांधून, काका-मामांच्या देखरेखीखाली होत असे आणि काठावर निम्मी आळी उभी असे. आज शुल्काचे वर्ग आले, कित्येक ठिकाणी पालकांनी आत येऊ नये अशी पाटीही आली. काठावरची आळी तेवढी गेली. आमच्या चिंतेचे मूळ येथे आहे.

पोहणे शिकवताना अंगास हात लावावाच लागतो. जाणता शिक्षक पोटाखाली वा पाठीखाली उघडा तळहात देतो, तोही आधी सांगून, चारचौघांदेखत. मूल तरंगू लागताच हात काढून घेतो. ज्याचा हात गरज संपल्यावरही रेंगाळतो, जो एकाच मुलास वर्ग सुटल्यावर थांबवून घेतो, कपडे बदलण्याच्या खोलीत ज्याला नित्य काम निघते, जो पालकांस वगळून मुलाच्या मोबाईलवर निरोप धाडतो, त्याच्याविषयी विचारणा करणे हा उद्धटपणा नव्हे. शिस्तीच्या नावाखाली मुलाचे डोके पाण्यात दाबून धरणे हाही निव्वळ छळच होय. पहिल्या दिवशी पाण्यास भिऊन रडणारे मूल घरोघरी असते. त्यावरून कोणाचा संशय घेऊ नये. परंतु महिनाभर हौसेने जाणारे मूल एकाएकी पोटदुखीची निमित्ते सांगू लागले, अमुक सर असतील तर नको म्हणू लागले, अंग चोरू लागले, तर त्यास भित्रा ठरवून ढकलत नेण्यापूर्वी थांबावे. हे मुलींपुरतेच आहे, असाही समज नसावा.

असे प्रकार कोठे तरी दूर घडतात, असे म्हणणाऱ्यांसाठी दोन उदाहरणे पुरेत. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये ब्रिटिश जलतरणपटूंचा प्रशिक्षक असलेल्या पॉल हिक्सन यास, हाताखालच्या मुलींवरील अत्याचारांबद्दल १९९५ साली सतरा वर्षांची शिक्षा झाली. त्याचे पाप वर्षानुवर्षे झाकले गेले ते त्याच्या कीर्तीच्या आडोशाने. आणि २०१९ साली आपल्या शेजारच्या गोव्यातील एका जलतरण प्रशिक्षकावर अल्पवयीन मुलीच्या तक्रारीवरून गुन्हा नोंदला गेला.

आमच्याकडे कीर्तीपेक्षाही जाड असा एक आडोसा आहे. तो म्हणजे 'आपला माणूस'. संस्था आपली, शिक्षक आपल्यातला, मोर्चात पुढे असणारा. बोभाटा झाला तर विरोधकांस आयते कोलीत मिळेल! ही भाषा आम्ही ऐकली आहे आणि ती आम्हास सर्वथा अमान्य आहे. ज्या चळवळीला स्वतःच्या लेकरांपेक्षा स्वतःची अब्रू प्यारी वाटते, ती कोणाच्या भवितव्यासाठी लढते?

कायदा याबाबतीत निःसंदिग्ध आहे. बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाचा २०१२ चा कायदा म्हणतो की, असा गुन्हा घडल्याचे ज्यास ठाऊक आहे किंवा घडेल अशी धास्ती आहे, त्याने पोलिसांस कळविलेच पाहिजे. न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद वा दंड होऊ शकतो. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपणाऱ्या संस्थाचालकास एक वर्षापर्यंत. पुरावा गोळा करणे हे पालकांचे काम नव्हे. सद्भावनेने खबर देणाऱ्यावर खटला भरता येत नाही. म्हणून मूल बोलू लागले तर ऐकावे, उलटतपासणी घेऊ नये, 'आधी का नाही सांगितलेस' असे तर मुळीच विचारू नये. त्याचे शब्द त्याच्याच भाषेत, तारखेसह लिहून ठेवावे. त्या शिक्षकास गाठून जाब विचारीत बसू नये, कारण त्याने तो सावध होतो. १०९८ ही बालकांसाठीची दूरध्वनिसेवा आहेच.

आता आपल्या लोकांच्या नेहमीच्या अडचणीविषयी. ठाण्यात सगळे कन्नडमध्ये लिहितात, आपले कोण ऐकणार, असे म्हणून कित्येक पाऊल मागे घेतात. याच कायद्याच्या १९ व्या कलमात तरतूद आहे की, मुलास न समजणाऱ्या भाषेत नोंद होत असेल तर त्यास दुभाषी द्यावा लागतो. शिवाय जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावयाचा असतो. मराठीतून परिपत्रके मागताना आम्ही लाठ्या खाल्ल्या. मराठी मुलास दुभाषी मागताना जीभ का अडखळावी?

मुलाचे नाव, शाळा, छायाचित्र प्रसिद्ध करण्यास कायद्याने बंदी आहे. हे पत्र ती पाळील. व्हॉट्सॲपवरील गटांनीही पाळावी.

यंदाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक तलावाच्या चालकांनी फाटकावर आणखी एक पाटी लावावी: तक्रार कोणाकडे करावयाची त्याचे नाव, आणि १०९८ हा क्रमांक, कन्नडबरोबर मराठीतही. आणि काठावर पालकांसाठी दोन बाकडी टाकावीत. त्यास महापालिकेच्या ठरावाची वाट पाहावी लागत नाही.