आपल्या घरात वकील, पोलीस का नकोत?



मुलगी दहावीत गेली की आपल्या घरांत एकच चर्चा सुरू होते. पुढं सायन्स की कॉमर्स? डॉक्टर की सीए? यंदा आमच्या पुतणीनं तिसरंच उत्तर दिलं. दिवस मावळायच्या आत आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. भाकरीचा तुकडा मोडता मोडता ती म्हणाली, "काकू, मला फौजदार व्हायचंय. नाहीतर वकील."

सासूबाईंचा हात ताटातच थांबला. "अगं, आपण मुंगीसुद्धा मारत नाही, आणि तू हातात काठी घेणार?" जाऊबाई म्हणाल्या, "वकिली म्हणजे दिवसभर खोटं बोलायचं. त्यापेक्षा सीए हो." मी गप्प बसले. पोरीनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. त्या गप्प बसण्याची मला रात्री लाज वाटली, म्हणून आज हे लिहिते आहे.

आधी सासूबाईंचा प्रश्न घेऊ, कारण तो खरा आहे. अहिंसा पाळणाऱ्या घरातली मुलगी पोलिसात कशी जाईल? पण आपण पाठशाळेत हिंसेचे चार प्रकार शिकलो आहोत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. श्रावकानं पूर्ण सोडायची ती संकल्पी हिंसा, म्हणजे ठरवून, मुद्दाम केलेली. चूल, शेती, व्यापार यांतली हिंसा जपून कमी करायची. आणि स्वतःचं किंवा दुसऱ्याचं रक्षण करताना जी घडते ती विरोधी. गृहस्थाला ती पूर्ण टाळता येत नाही, हे शास्त्रानंच मान्य केलं आहे. फक्त मनात द्वेष नको आणि गरजेपेक्षा जास्त बळ नको. गंमत म्हणजे आपला कायदाही हेच सांगतो. अटक केलेला माणूस पळून जाऊ नये एवढाच त्याला आवर घालायचा, त्याहून जास्त नाही. हा नियम जिच्या अंगात लहानपणापासून मुरलेला आहे, अशी मुलगी पोलिसात नको, तर कुठं हवी?

काठीचंही सांगते. तुकाराम ओंबळे आपल्याच सातारा जिल्ह्यातले, जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांच्या हातात फक्त काठी होती. समोरच्या बंदुकीची नळी त्यांनी धरून ठेवली, गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या, आणि कसाब जिवंत पकडला गेला. त्याच्यावर रीतसर खटला चालला, पुरावे मांडले गेले, मग शिक्षा झाली. मरणोत्तर अशोक चक्र मिळालेल्या त्या माणसानं जीव घेतला नाही, दिला. ती काठी डोळ्यांपुढं आणा आणि मग सांगा, काठी वाईट की ती धरणारा हात महत्त्वाचा?

आता जाऊबाईंचा प्रश्न. वकिली म्हणजे खोटं बोलणं? दशलक्षण पर्वात आपण तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय ऐकतो. सातव्या अध्यायात व्रतांचे अतिचार येतात. सत्याच्या व्रतात कूटलेखक्रिया, म्हणजे खोटे कागद करणं. न्यासापहार, म्हणजे विश्वासानं ठेवलेली ठेव गिळणं. अचौर्यात चोरीचा माल घेणं, मापात मारणं, भेसळ करणं आणि विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याचा नियम मोडून व्यवहार करणं. नीट पाहिलं तर कोर्टात रोज येतात ती प्रकरणं हीच. आपल्या आचार्यांनी ज्या गोष्टी दोष म्हणून नोंदवल्या, त्याच कायद्यानंही गुन्हे किंवा गैरव्यवहार ठरवल्या आहेत. खोटं बोलणारे वकील असतील, तसे मापात मारणारे दुकानदारही असतात. म्हणून आपण दुकान काढायचं सोडलं नाही.

कूटलेखावरून माझ्या मावशीची आठवण येते. माहेरच्या जमिनीच्या वेळी तिला एका कागदावर सही करायला सांगितलं. "नुसती सही कर, बाकी आम्ही बघतो." तिनं केली. ते हक्कसोडपत्र होतं. पुढं मावसा गेले, हातात काही राहिलं नाही, तेव्हा तिला कळलं की आपण काय सोडलं. हिंदू वारसा कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला आहे. मावशीला हे सांगणारं घरात कुणी नव्हतं. हक्क सोडायचा असेल तर खुशाल सोडावा, त्याग आपल्याला नवा नाही. पण न वाचता केलेली सही हा त्याग नव्हे.

बायकांना बायकांशीच बोलता येतं अशा कितीतरी गोष्टी असतात. नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी आपल्या देशातल्या पहिल्या महिला वकील. पडद्यातल्या विधवांना परक्या पुरुषाशी बोलता येत नव्हतं, त्यांच्या इस्टेटी दुसरेच खात होते. त्यांच्यासाठी त्या वर्षानुवर्षं झटल्या. आज पडदा नाही, पण संकोच तोच आहे. म्हणून तर कायद्यानं काही कामं महिला अधिकाऱ्यांकडंच दिली आहेत. बलात्काराची तक्रार महिला अधिकाऱ्यानंच नोंदवायची. बालकावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर त्याचा जबाब शक्यतो महिला फौजदारानं, वर्दी न घालता, त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करायची नाही, अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकारी हवी आणि दंडाधिकाऱ्यांची परवानगी आधी हवी. प्रत्येकीनं आपली मुलगी घरी ठेवली, तर ही महिला अधिकारी येणार कुठून? दुसऱ्याच्या मुलीनं यावं आणि आपल्या मुलीला सांभाळावं, ही अपेक्षा मला आता बरोबर वाटत नाही.

आपल्यात हे नवंही नाही. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या उभारणीतले अण्णासाहेब लठ्ठे वकीलच होते. कोल्हापूरचे दिवाण झाले, १९३७ साली मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. आणि न्यायाची गोष्ट निघाली की सातारजवळच्या माहुलीच्या रामशास्त्री प्रभुण्यांचं नाव आपण घेतोच. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारा माणूस आपल्याच मातीतला.

मग तयारी कधी करायची? बारावीनंतर क्लास लावून नाही. आठवी ते दहावी हेच वय आहे, आणि निम्मी तयारी घरातच होते. आम्ही काय सुरू केलं ते सांगते.

घरात आलेला कागद, मग विम्याचा असो, बँकेचा असो की सातबारा, पुतणी मोठ्यानं वाचते आणि आम्हाला सोप्या शब्दांत सांगते. पहिल्या आठवड्यात तिच्यापेक्षा आम्हीच जास्त शिकलो. पोलीस असल्याचं भासवून पैसे उकळणारे फोन येतात, त्यांचं काय करायचं आणि १९३० वर तक्रार कशी करायची, हे तिनं सासूबाईंना शिकवलं. नागरिकशास्त्राचं पुस्तक आम्ही गुणांपुरतं ठेवलं नाही. ग्रामसभेला तिला बरोबर नेलं. सुट्टीत कराडच्या कोर्टात नेणार आहोत. कोर्टाचं कामकाज साधारणपणे कुणालाही बसून पाहता येतं, हे आपल्यातल्या किती जणींना माहीत आहे?

आपलं उंब्रज पुणे-बेंगळुरू महामार्गावरचं. शाळा सुटली की पोरं रस्ता ओलांडतात तेव्हा छातीत धस्स होतं. काही शाळांत आर.एस.पी., स्काउट-गाईड किंवा एन.सी.सी. असते. आपण त्याला फुकटचा विषय समजतो. पण शिस्त, प्रथमोपचार, रस्त्यावर गर्दी सांभाळणं, हे तिथंच शिकायला मिळतं. शाळेत असेल तर नाव घालाच.

पुढचा रस्ताही माहीत असू द्या. पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम बारावीनंतर कुठल्याही शाखेतून करता येतो. त्यासाठी राज्याची सीईटी असते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट. आपल्या राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन आहेत. साताऱ्यात रयतचं इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज आहे. पोलीस शिपाई भरतीला बारावी लागते. मुलींना उंची १५५ सेंटीमीटर, ८०० मीटर धावणं, गोळाफेक, मग लेखी परीक्षा. फौजदार व्हायला पदवी आणि एमपीएससी. महिलांना ३० टक्के आरक्षण आहे.

अडचणी नाहीत असं मी म्हणत नाही. रात्रपाळी, बंदोबस्त, सूर्यास्ताआधी जेवण, कंदमुळांशिवायचा डबा, लग्नाच्या वेळचे प्रश्न, सगळं खरं आहे. पण हॉस्पिटलात रात्रपाळी करणाऱ्या आपल्या मुली नियम जमतील तसे पाळतातच ना? सगळ्यात मोठी परीक्षा डब्याची नाहीच. ती टेबलाखालून येणाऱ्या पाकिटाची आहे. तिथं अचौर्याचं व्रत कामाला येईल की नाही, हे आपण आज तिला काय शिकवतो यावर आहे. उद्या तिनं विचार बदलला आणि सीए झाली, तरी यातलं काही वाया जाणार नाही.

हल्ली पुतणी सकाळी पळायला जाते. मी मागून चालत जाते, तेवढाच माझाही व्यायाम. परवा परत आलो तर सासूबाई ओट्यापाशी उभ्या. मूग भिजवून मोड आणले होते. वाटी पुढं सरकवत म्हणाल्या, "खा. पळणारीला ताकद लागते." मग हळूच मला विचारलं, "काय गं, पोलिसात दिवसाउजेडी जेवायला सोडतात का?"

मैत्रिणींनो, आपल्या महिला मंडळात यंदा एखाद्या वकीलताईंना किंवा महिला फौजदारांना बोलावू या. पाठशाळेतल्या आठवी-नववीच्या मुलींना पुढच्या रांगेत बसवू. आणि तुमच्या घरी जेवताना कुणी असं काही म्हणालं, तर माझ्यासारख्या गप्प बसू नका.