मुरूम त्यांचा, खड्डा आमचा?



मुरूम रस्त्यावर गेला, रॉयल्टी सरकारला, नफा ठेकेदाराला. आपल्या सातबारावर उरला तो खड्डा. खाणकाम संपल्यावर जमीन चारा उगवण्याजोगी करून देण्याची अट खाणपट्ट्यात घाला, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी केंद्राला दिला. पण आदेश कागदावर, खड्डा शेतात!

म्हणून करारातच लिहून घ्या : वरची काळी माती आधी काढून बांधाशी वेगळी रचायची, काम संपताच कडा उतरत्या करायच्या, खाली दगड-मुरूम, वर तीच माती. नुसत्या मुरमावर ना कपाशी तगेल, ना ज्वारी. खड्डा भरण्याचा खर्च मुरमाच्या भावात धरा. तेवढी अनामत हाती आल्याशिवाय पहिली ट्रॉली बांधाबाहेर जाऊ देऊ नका.