डिलिव्हरी कुणाची?

"सुट्टी? बाळंत तू होणारेस का?" साहेब हसले. मीही हसलो. चिडलो ते घरी आल्यावर.

पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी, ही आपली रीत. सासर म्हणजे नाशकातला आमचा वन बीएचके. बायकोला आठवा महिना, वजन उचलायचं नाही. आणि आमचं चौदा किलोंचं कन्यारत्न जिन्यात हात पसरून उभं, "आई, कडेवर!" कोण उचलणार?

"आजी आहे ना?" आहे की! दुखऱ्या गुडघ्यांसकट.

२०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी आईची भरपगारी रजा १२ वरून २६ आठवडे झाली. उत्तम! केंद्र सरकारी नोकरीतल्या बापालाही दुसऱ्या मुलापर्यंत १५ दिवस मिळतात. आणि खासगीतल्या बापाला? कायद्याने शून्य. कंपनीची मर्जी!

मंडळी, यात तोटा बायकांचाच. रजा फक्त आईला, म्हणून मुलाखतीत "मुलाबाळांचं काय ठरवलंय?" हा प्रश्नही तिलाच. बापालाही सक्तीने घरी बसवा, मग बघू कोण विचारतं ते.

असो. रिलीज पुढे ढकलता येतं हो, ही डिलिव्हरी नाही. सोमवारी पुन्हा अर्ज टाकतोय. तुम्हीही टाका!