मेंदू तोलायचा की वापरू द्यायचा?

दहावीच्या निकालानंतर एक पालक मुलीला घेऊन भेटायला आले. मुलीला गणितात 91 गुण आणि तिची इच्छा विज्ञान शाखेची. अब्बा म्हणाले, "सर, बायकांचा मेंदूच लहान असतो. मी नाही, सायन्स म्हणतंय." पुरावा म्हणून मोबाईलवरचा फॉरवर्ड दाखवला. मुलगी शेजारी गप्प उभी होती.

तिच्या भावाला गणितात 54 गुण होते. त्याला कर्ज काढून डिप्लोमाला घातलं. तेव्हा त्याच्या मेंदूचं वजन कुणी केलं नव्हतं!

सायन्सचंच नाव घेता, तर त्याचं म्हणणं पूर्ण ऐका. पुरुषाचा मेंदू सरासरीने सुमारे दहा टक्के मोठा असतो, हे खरं आहे. पण त्याचं शरीरही सरासरीने मोठंच असतं. वजनावर अक्कल ठरली असती, तर माणसाच्या तिपटीहून जड मेंदूचा हत्ती आमच्या शाळेचा मुख्याध्यापक असता. आइन्स्टाइनचा मेंदू 1230 ग्रॅम भरला, म्हणजे पुरुषांच्या सरासरीपेक्षा कमीच.

2015 साली डॅफ्ना जोएल आणि सहकाऱ्यांनी 1400 हून अधिक मेंदूंच्या एमआरआय प्रतिमा तपासल्या. पूर्णपणे 'पुरुषी' किंवा पूर्णपणे 'बायकी' मेंदू फार थोडे निघाले. बहुतेकांत दोन्हींचं मिश्रण होतं.

मग फरक नाहीतच का? आहेत. नैराश्य स्त्रियांमध्ये जवळपास दुप्पट आढळतं, पार्किन्सन पुरुषांना जास्त होतो. डॉक्टरांनी हे फरक जरूर अभ्यासावेत. पण त्यातून "मुलीला गणित झेपत नाही" हा निष्कर्ष कुठून निघाला?

डोकी मोजण्याचा हा धंदा जुना आहे. 1879 मध्ये फ्रान्सच्या गुस्ताव ल बाँने अनेक स्त्रियांचे मेंदू गोरिलाच्या मेंदूजवळचे ठरवले. तीच मोजपट्टी लावून युरोपचे विद्वान आफ्रिका-आशियातल्या माणसांनाही कमअस्सल म्हणत होते. म्हणजे तुम्हाला आणि मलाही! आपल्या डोक्याला लागली की ती मोजपट्टी खोटी, आणि लेकीच्या डोक्याला लावली की खरी?

आणि दीनचं काय? हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून दोन हजारांहून अधिक हदीस आपल्यापर्यंत पोहोचल्या. मोठमोठे सहाबी त्यांना मसले विचारत. त्यांच्या स्मरणशक्तीवर आणि समजेवर उम्मतने भरवसा ठेवला. मग आपल्या लेकीच्या बीजगणितावरच शंका का? गणितातलं सर्वोच्च मानलं जाणारं फिल्ड्स पदक मिळवणारी पहिली स्त्री, मरियम मिर्झाखानी, तेहरानच्या शाळेत शिकलेली होती. साल 2014.

भाईजान, अडचण पैशांची असेल तर तसं सांगा, शिष्यवृत्तीचा अर्ज मी भरून देतो. कॉलेज लांब पडतं, लोक काय म्हणतील याची भीती वाटते, तर तेही सांगा, मार्ग काढू. पण आपली भीती तिच्या मेंदूच्या माथी मारू नका.

प्रवेशाची मुदत अजून संपलेली नाही.